तक्त्यावरचं ‘नको’

बोलता न येणाऱ्या मुलाच्या घरात पहिला तक्ता लागतो तो बहुतेक खाण्यापिण्याचा. पाणी, दूध, पोळी, भात, केळं, बिस्किट, मग शू, शी, झोप. आमच्या फ्रिजवरही तोच होता. स्पीचच्या मॅडमनी रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून दिलेला, प्रत्येक चित्रामागं वेल्क्रोचा तुकडा. शेजारचे काका एकदा तो न्याहाळत म्हणाले, "हे तर हॉटेलचं मेनूकार्ड झालं की हो!" ते गमतीत म्हणाले आणि चहा पिऊन गेलेही. मी मात्र त्या तक्त्यापुढं उभाच राहिलो. मेनूकार्डावरून मागवता येतं. पण वेटरला "जरा हळू बोला", "मला इथून उठायचंय" किंवा "काल तुम्ही खोटं बोललात" हे काही मेनूकार्डावर बोट ठेवून सांगता येत नाही. आमच्या तक्त्यावर एकही चौकोन असा नव्हता, ज्याच्या जोरावर माझ्या मुलाला आमच्याशी भांडता आलं असतं.

मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. ऑटिझम आहे आणि तो तोंडानं बोलत नाही. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते म्हणून सगळ्या घराचाच तो दादा झालाय, इथंही तेच नाव वापरतो. आम्ही सांगलीचे, गावभागातले. मूल बोलत नाही म्हणजे घर शांत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस आमच्याकडं राहायला यावं. पहाटे गुणगुणणं सुरू होतं, मग पलंगावरच्या उड्या, मिक्सर लागला की किंकाळी, कुकरची शिट्टी झाली की हसू. शब्द तेवढे नाहीत. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांचं असं होतं. शाळेत जायच्या वयातही बोलणं येत नाही, किंवा मोजक्या शब्दांवर थांबतं. कारणं एकसारखी नसतात. काहींना समजतं पुष्कळ, पण जीभ, ओठ आणि श्वास यांची जुळवाजुळव होत नाही. काहींना मुळात भाषेचा अर्थ लावणंच जड जातं. दादात दोन्ही थोडं थोडं आहे.

सुरुवातीला सगळ्या घरांत होतं तेच आमच्याकडंही झालं. माझ्या आईनं वेखंड उगाळून जिभेला लावलं, नवस बोलून झाले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गावात एक मुलगा असायचाच, जो पाच वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, मग एकाएकी घडाघडा बोलायला लागला आणि आता पुण्यात इंजिनिअर आहे. हा इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही.

मग दिव्यांग प्रमाणपत्राची धावपळ. ऑटिझम मोजायला आपल्याकडं आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ७०च्या आत आली तर ऑटिझम नाही, १५३च्या वर गेली तर तीव्र. नजरेला नजर देतो का, हाक मारली तर वळतो का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो का, अशी मुलाची झडती होते. समोरची माणसं त्याला कसं उत्तर देतात, याला त्यात गुण नाहीत. मोजपट्टीचं ते कामही नव्हे, त्यामुळं तिच्यावर राग नाही. पण डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ साली जे मांडलं ते मला त्या बेरजेपेक्षा उपयोगी पडलं. ते म्हणतात, न समजणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे सगळे सांगतात, इतरांना त्याचं तितकंच कळत नाही हे कुणी मोजत नाही.

चित्रं घरात आली तेव्हा पहिली हरकत माझ्या आईनंच घेतली. "चित्रं हातात दिल्यावर कशाला बोलंल त्यो? आळशी हुईल." ही भीती सगळीकडं सारखीच असते, अगदी शिकलेल्यांतही. अमेरिकेत २००६ साली या प्रश्नावर एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नीट पुरावा असलेल्या २७ जणांची उदाहरणं तपासली होती. चित्रं, खुणा, यंत्रं दिल्यामुळं बोलणं कमी झालं असं त्यात एकही निघालं नाही. ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, बहुतेकांचं थोडंसंच. दादाचं वाढलं नाही. तरी मला त्या आढाव्याचा आधार वाटला. आपण एक दार उघडताना दुसरं बंद करत नाही आहोत, एवढं कळलं की काम करायला हात मोकळे होतात.

आमची सुरुवात झाली पेक्सनं. चित्र द्यायचं आणि वस्तू घ्यायची, अशी ही पद्धत १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवली. सोपी वाटते, पण शिकवायला सुरुवातीला दोन माणसं लागतात. बायको समोर शेंगदाण्याची चिक्की घेऊन बसायची, मी दादाच्या मागं. त्यानं चिक्कीकडं हात केला की मी मागून तो हात चित्राकडं वळवायचा, चित्र उचलून आईच्या तळहातावर ठेवायला लावायचं, आणि त्याच क्षणी चिक्कीचा तुकडा त्याच्या हातात. या वेळी "काय पाहिजे?", "बोल की रे" असलं काही म्हणायचं नाही. मागं बसलेल्यानं तर तोंडच उघडायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला ती शिक्षाच होती. पण त्यातली मेख मला आवडली. लांबून बोट दाखवलं आणि कुणी पाहिलंच नाही तर ते वाया जातं. चित्र द्यायचं म्हटलं की माणूस शोधावा लागतो, त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं, त्याचा हात उघडावा लागतो.

पुढच्या टप्प्यात वाक्याची पट्टी येते. आम्हाला मिळालेली पट्टी इंग्रजी वळणाची होती. ‘मला पाहिजे’ आधी आणि वस्तू मागनं. बायकोनं ते बघितलं, कात्री घेतली आणि चित्र मधोमध कापलं. ‘मला’ एकीकडं, ‘पाहिजे’ दुसरीकडं, मधे वेल्क्रोची रिकामी जागा. दादानं त्या जागेत चिक्की बसवली. मॅडमनी पुढच्या वेळी आपल्या सगळ्या पट्ट्या तशाच कापून घेतल्या.

‘नको’चं चित्र आम्ही मागून घेतलं. लाल काठ, पुढं केलेला पंजा. मॅडमनी जरा का-कू केलं. एवढ्यात नकार हाती दिला तर मूल प्रत्येक कामातून अंग काढून घेईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, तसं झालंही. पण दादा ‘नको’ आधीपासूनच म्हणत होता. ताट भिरकावून, फरशीवर अंग टाकून, स्वतःच्या मनगटाला चावून म्हणत होता, आणि त्या मनगटावर कडक घट्टा पडला होता. रिपोर्टमध्ये या सगळ्याला ‘बिहेवियर’ म्हणतात. पेक्स निघालं त्याच १९८५ साली कार आणि ड्युरँड या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की आदळआपट ज्या कामासाठी चालते, तेच काम करून देणारा एखादा शब्द किंवा खूण शिकवली की आदळआपट कमी होते. मात्र त्या शब्दाला उत्तर मिळायला हवं, आणि तेही ताबडतोब.

आमची शिकवणी कारल्यावर झाली. कारल्याच्या भाजीचं ताट बायकोनं त्याच्यापुढं सरकवलं, मी मागून हात धरला, लाल चित्र आईच्या हातात पडलं आणि ताट झटकन लांब गेलं. त्यानं गेलेल्या ताटाकडं पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं, थेट. पुन्हा ताट आलं. या वेळी माझा हात पोचायच्या आत त्यानं स्वतःच चित्र दिलं. ताट गेलं. त्यानंतर त्यानं काय करावं? उठून गेला, ते ताट दोन्ही हातांनी ओढून स्वतःपुढं आणलं, बसला, आणि आईला चित्र दिलं. ताट गेलं. पुन्हा ओढून आणलं. हे कितीतरी वेळ चाललं आणि तो खदाखदा हसत होता. कारल्याशी त्याचा संबंध केव्हाच संपला होता.

पुढं काही आठवडे घरात दुसरं काही चाललंच नाही. अंघोळ नको, शाळा नको, टीव्हीवरची बातमी देणारी बाई नको, बापाचं गाणं नको. एकदा माझी आई गावाहून आली, येताना तिळाचे लाडू आणलेले, आल्या आल्या त्याला जवळ घेऊन मुका घ्यायला गेली, तर यानं तिच्या हातावर लाल चित्र ठेवलं. आई माझ्याकडं बघायला लागली. "आजीला नको म्हनतोय व्हय रं?" मी म्हटलं, आजीला नाही, मुक्याला. तिला ते काही पटलं नाही; संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही, दादाशी मात्र बोलत होती. दुसऱ्या दिवशी मुका घ्यायच्या आधी तिनं गाल पुढं केला आणि थांबली. दादानं विचार केला आणि आपलं कपाळ तिच्या गालावर टेकवलं. तेव्हापासून आजी आणि नातवाचा तोच रिवाज आहे, आणि मला वाटतं आमच्या घरात या सगळ्या तंत्राचं मर्म सगळ्यात आधी, एकही पुस्तक न उघडता, तिला कळलं.

प्रत्येक ‘नको’ पाळता येत नाही, हे उघड आहे. तापाचं औषध घ्यावंच लागतं, रस्त्यावर हात धरावाच लागतो. तिथं आम्ही चित्र परत करत नाही किंवा दिसलंच नाही असंही दाखवत नाही. "कळलं, नको आहे. तरी घ्यायचंय," असं सांगायचं आणि ‘आधी औषध, नंतर झोपाळा’ अशी दोन चित्रं शेजारी ठेवायची. रडतो, पण मनगट चावत नाही. ज्या घरात पाळता येण्यासारखे नकार पाळले जातात, तिथं न पाळता येणारा एखादा मूल सोसतं, असं माझं मत झालंय. याउलट, "मुलं ऐकत नाहीत" म्हणणाऱ्या किती घरांत मुलांचं एक तरी ‘नको’ दिवसभरात चालतं, हे कुणी विचारत नाही. बोलणाऱ्या मुलांच्या घरांतही.

सलूनचा किस्सा सांगितलाच पाहिजे. केस कापणं म्हणजे आमच्याकडं चौघांनी धरायचं काम होतं. ओळखीच्या सलूनवाल्या मामांना मी विचारलं, मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना येऊ का? ते या म्हणाले. दादाच्या हातात ‘थांब’चं चित्र होतं. मामांना सांगितलं, त्यानं हे वर केलं की मशीन बंद करायचं, कितीही वेळा. मशीन सुरू झालं, कानाला लागायच्या आतच चित्र वर. मामांनी बंद केलं. पुन्हा सुरू, पुन्हा वर. मामांनी खुर्ची ओढली, समोर बसले, मशीन आपल्याच मनगटावर फिरवून दाखवलं, मग दादाच्या हातात दिलं. त्यानं ते चालू-बंद केलं, कानाजवळ नेलं, लांब नेलं. मागची बाजू झाली. मग ‘थांब’. मग चहा आला. डावी बाजू झाली. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायला लागली तेव्हा उजवी बाजू राहिली होती; मामा त्यांना म्हणाले, "बसा जरा, साहेबांचं चाललंय." पैसे नेहमीएवढेच घेतले. एवढ्या थेरपिस्टांच्या दारात आम्ही जाऊन आलो, पण ‘थांब’ म्हटल्यावर थांबण्याची त्यांच्यासारखी तयारी मी क्वचित पाहिली.

चित्रांच्या आधीचंही एक बोलणं असतं, त्यालाही उत्तर द्यायचं असतं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात हार्परबरी नावाचं मोठं इस्पितळ होतं. तिथल्या शाळेत १९८०च्या दशकात डेव्ह ह्युएट आणि मेलनी निंड या शिक्षकांनी न बोलणाऱ्या मोठ्या माणसांबरोबर एक रीत बसवली. शिकवायचं काही नाही. समोरच्याच्या आवाजाला आवाज द्यायचा, हालचालीला हालचाल द्यायची, आणि तो थांबला की थांबायचं. तान्ह्या बाळाशी आपण हेच करतो. मूल सहा वर्षांचं झालं की हे करायची लाज वाटते. आमच्या घरी जुना लाकडी झोपाळा आहे, कड्या करकरतात. दादा त्यावर बसून "हूंऽ हूंऽ" करतो, सूर धरून. मी शेजारी बसून तसंच करू लागलो. आधी त्यानं दखल घेतली नाही. मग एकदा तो मुद्दाम सूर तोडून थांबला आणि वाट बघत राहिला. मी थांबलो. त्यानं वरचा सूर घेतला. मला तो जमेना, तर तो खाली आला. त्याच सुमारास तो स्वतःहून माझा हात धरून मला झोपाळ्याकडं न्यायला लागला. याआधी तो माझा हात फक्त फ्रिजच्या दारापर्यंत न्यायचा.

या सुरांच्या नादानं मी त्याला मिरजेला घेऊन गेलो. सांगलीहून मिरज म्हणजे दहा-बारा किलोमीटर. तिथं सतारमेकर गल्लीत शिकलगार घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडून. एका कारखान्यात कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, तो केसभर इकडं-तिकडं सरकवला की आवाज एकदम फुलतो. दादा दारातच थबकला. मग सरळ आत गेला आणि भोपळ्याला गाल लावून बसला. मी माफी मागायला पुढं झालो, तर कारागीर म्हणाले, "राहू द्या, ऐकू द्या." ते धागा सरकवत होते, तार छेडत होते आणि दादा डोळे मिटून सूर धरत होता. हे दृश्य बायकोला दाखवावं म्हणून मी मोबाइल काढला. दादानं एक डोळा उघडला, गळ्यातल्या फितीला लावलेल्या चित्रांतून लाल चित्र ओढून काढलं आणि माझ्याकडं भिरकावलं. फोटो नाही. तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आम्ही वेळेत निघून विट्याला मेव्हणीकडं गेलो. निघताना कागदपत्रं, औषधं, दागिने यांच्याबरोबर बायकोनं चित्रांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली. विट्याला पोचल्यावर दादा ‘घर’चं चित्र देत राहिला. मला, बायकोला, मावशीला, तिच्या सासऱ्यांना. आम्ही "हो रे, जायचंय, पाणी उतरलं की" म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यानं वाक्याच्या पट्टीवर दोन चित्रं शेजारी लावली: ‘पाणी’ आणि ‘नको’. पट्टी मावशीच्या हातात दिली. मावशीनं त्याच्यापुढचा पाण्याचा पेला उचलून नेला.

मला वाटलं, तो पुराचं बोलतोय. बायकोलाही तसंच वाटलं, आणि त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. पण नंतर स्वतःलाच विचारलं, कशावरून? कदाचित त्याला तहान नसेल. मुलाच्या तोंडी आपल्या मनातलं वाक्य घालायचा मोह फार मोठा असतो आणि त्याचा एक वाईट इतिहास आहे. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात एक पद्धत निघाली. न बोलणाऱ्या माणसाचा हात धरायचा आणि अक्षरांवर त्याचं बोट टेकवायला मदत करायची. मुलं एकाएकी कविता लिहू लागली, आईबापांना पत्रं लिहू लागली. १९९०च्या दशकात साध्या चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं, तर उत्तर हात धरणाऱ्यानं पाहिलेल्या चित्राचं यायचं. धरणारे लबाड नव्हते, त्यांनाही ते कळत नव्हतं. अक्षरपाटी दुसऱ्यानं मुलापुढं धरायची, अशी त्याच्या जवळची आणखी एक पद्धत आहे. या दोन्हींपासून अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली स्पष्ट शब्दांत सावध केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर असे व्हिडिओ मला अजूनही येतात. मी बघतो आणि पोटात कालवतं, कारण त्या आईची आशा मला ओळखता येते. पण माझ्या मुलाचं ‘नको’ हे त्याचंच असायला हवं असेल, तर त्याच्या हाताला माझा हात लागता कामा नये. म्हणून विट्याच्या त्या पट्टीचा अर्थ मी अजून मोकळाच ठेवलाय.

पुढं टॅब आला. आयआयटी मुंबईत बनलेलं ‘जेलो’ मराठीत आहे, चेन्नईचं ‘आवाज’ही अनेकांना ठाऊक असेल. चित्राला हात लावला की यंत्र बोलतं. इथं एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. टॅब मुलाला देऊन भागत नाही, घरानंच त्यावर बोलावं लागतं. बोलकं मूल पहिला शब्द काढायच्या आधी वर्षभर आपलं ऐकत असतं. चित्रांनी बोलणारं माणूस दादानं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून जेवताना "आमटी गरम आहे" म्हणायचं आणि ‘गरम’वर बोट ठेवायचं, भांडतानाही. मला हे नाटकी वाटायचं. छोटीला मुळीच नाही. ती तिसरीत असल्यापासून टॅबवरून दादाशी भांडते. आमच्या टॅबमधला आवाज एका मोठ्या बाईचा आहे, तरी "मी चाललो" हे ती बाई अगदी ठसक्यात म्हणते. आम्ही शब्दही बदलत गेलो. ‘पुन्हा’, ‘संपलं’, ‘तू कर’, ‘खोटं’, ‘काहीतरी दुसरं’. ही ‘काहीतरी दुसरं’ची कळ सगळ्यांनी ठेवावी. तक्त्यावर आपण घातलंच नाही असं काहीतरी त्याच्या मनात आहे, हे सांगायची तेवढी एकच सोय असते. ती दाबली की घरात शोधाशोध सुरू होते. दर वेळी सापडतं असं नाही.

शाळेत टॅब बराच काळ दप्तरात राहायचा. आवाजानं वर्ग विचलित होतो, असं कारण. मी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन गेलो. त्यात ‘संवाद’ शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल, खुणांची भाषा यांच्याबरोबर चित्रं आणि यंत्रं यांसारखी पूरक आणि पर्यायी माध्यमं येतात. म्हणजे दप्तरात बंद करून ठेवलेली गोष्ट खेळणं नव्हे, त्याचं बोलणं होतं. आवाज कमी ठेवायचा, यावर तडजोड झाली. दादाला आवाज कसा वाढवायचा ते येतं, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

आता वय निघालंय. मिसरूड फुटतंय, अंगाला वास येतो, दार लावून बसायचं असतं. तक्त्यावर नवी पानं आली: शरीराचे सगळे भाग खऱ्या नावांनी, ‘दुखतंय’, ‘हात लावू नको’, ‘मला एकट्याला राहायचंय’. न बोलणाऱ्या मुलांवर हात टाकणं सोपं जातं, कारण ते सांगणार नाहीत असं टाकणाऱ्याला वाटतं. ज्या मुलाला जन्मभर "गप घे, ओरडू नको, मामा आहेत ना" असंच शिकवलंय, त्याच्याकडून त्या एका वेळी नकाराची अपेक्षा कशी धरायची? लहानपणी कारल्याला म्हटलेलं ‘नको’ चाललं, आजीच्या मुक्याला म्हटलेलं चाललं, तरच पुढचं म्हणायची हिंमत येते.

शेवटी प्रश्न येतो तो ऐकणाऱ्यांचा. आम्ही नसू तेव्हा त्याचं कोण ऐकणार, हा आमच्यासारख्या सगळ्या घरांतला रात्रीचा विषय. त्यावर मोठं उत्तर माझ्याकडं नाही, एक छोटी वही मात्र तयार होतेय. स्कॉटलंडमध्ये सॅली मिलर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अशा वह्या सुरू केल्या, त्यांना ‘पासपोर्ट’ म्हणतात. मुलाच्या खुणा अनोळखी माणसाला वाचता याव्यात, म्हणून प्रत्येक पानावर एक गोष्ट. तिकडं त्या मुलाच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहितात. बायकोला तसंच हवं होतं. मी अडून बसलो, त्याच्या नावावर आपण ‘मी’ कसं लिहायचं? बरीच खडाखडी झाली. मग ‘आम्हाला असं वाटतं’ यावर एकमत झालं. कान दाबले तर आवाज सोसत नाही, असं आम्हाला वाटतं. तळहात नाकाशी नेऊन हुंगला तर तो घाबरलाय, असं आम्हाला वाटतं. एकच सूर धरून बसला तर तो मजेत आहे, त्याच सुरात उत्तर द्या. ‘घर’ पुन्हा पुन्हा दाबलं तर "नंतर" म्हणू नका, किती वाजता ते घड्याळाच्या चित्रावर दाखवा.

प्रत्येक पान त्याला दाखवून झालं. दोन पानांवर त्यानं ‘नको’ ठेवलं, ती काढली. त्यांतल्या एकावर दिवाळीच्या झब्ब्यातला त्याचा फोटो होता, ते कळलं. दुसऱ्यात फक्त त्याची आवडती भाजी लिहिली होती, ते का नको ते काही समजलं नाही. तरी काढलं. एक पान छोटीनं आम्हाला न विचारता घातलंय, स्केचपेननं: "दादा कधीकधी मुद्दाम नको म्हणतो. मग तोंड फिरवून हसतो. तेव्हा परत विचारा. पण एकदाच." बायकोनं त्यातलं शुद्धलेखन तेवढं दुरुस्त केलं. हे पान दादानं ठेवू दिलं. लॅमिनेशनचे दर वाढलेत, तरी त्याच्या दोन जास्तीच्या प्रती काढल्यात. एक शाळेला दिलीय आणि एक सलूनमध्ये मामांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलीय.